यादी संपली, की वाचता आली नाही?

४ मार्च

डॉक्टरांनी एकवीस दिवस बोलायला बंदी केली आहे, म्हणून ही वही. स्वरयंत्रावर गाठ होती, ती परवा काढली. साधी निघाली. पण कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजण्याने म्हणे जास्त इजा होते. बोलायचं नाही तर निदान कुठेतरी म्हणायची सोय हवी. वही ह्यांच्या जुन्या कचेरीतली आहे. डावीकडे मोजमापाचे रकाने छापलेले आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं.

मुलगा जहाजावर आहे, अजून पाच महिने येत नाही. त्याने परस्पर ठरवलं की सून येऊन राहील. मी नको म्हटलं असतं, पण म्हणणार कशी?

५ मार्च

सून आली. एक बॅग, एक कॉम्प्युटर, आणि माझ्यासाठी लिहून पुसायची पाटी. आल्याआल्या स्वयंपाकघरातून एक चमचा आणि काचेचा पेला आणून माझ्या उशाशी ठेवला.

"आई, पाटीवर लिहायला वेळ लागतो. आपण ठरवून टाकू. एकदा वाजवलं की हो. दोनदा की नाही. तीनदा म्हणजे ताबडतोब ये."

"आणि चारदा?" ह्यांनी विचारलं.

"चारदा म्हणजे बाबांना फिरायला पाठव."

मी चारदा वाजवलं. हे खरोखरच चपला घालून निघाले.

ते गेल्यावर ती दारातच थांबून राहिली. म्हणाली, "आणि वाजलंच नाही तर? त्याचा अर्थ काय धरायचा, तेही ठरवायला हवं." मी पाटीवर लिहिलं: "न वाजणे म्हणजे न वाजणे." ती हसली नाही. हिला साध्या गोष्टीत फाटे फोडायची सवय आहे.

७ मार्च

स्वच्छ लिहून टाकते. माझं आणि सुनेचं पटत नाही. भांडण नाही, आवाज चढत नाही. नुसतं पटत नाही. कारण चार वर्षांपूर्वीचं आहे.

मी बत्तीस वर्षं एकच काम करते आहे: वाक्यांचा अर्थ लावणं. ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी आणि तिच्यावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी काय पाळायचं, हे एका जाड मानकात लिहिलेलं आहे. प्रोग्रॅम सिस्टिमकडे एखादं काम मागतो, त्याला कॉल म्हणतात. कुठल्या कॉलने काम झाल्याचं कसं कळवायचं, बिघडल्याचं कसं कळवायचं, बिघाडाचा आकडा म्हणून कुठला एरर नंबर ठेवायचा. एखाद्या वाक्यावरून दोघांची जुंपली की प्रश्न आमच्या समितीकडे येतो आणि उत्तराचा मसुदा मी करते. मानकाची भाषा आखडून नीटनेटकी करणं हेही माझंच काम. चार वर्षांपूर्वी नवी आवृत्ती निघाली, तेव्हा मी एकशे अकरा वाक्यं काढली. पुनरुक्ती मला सहन होत नाही.

त्या आवृत्तीवर जाहीर सभा होती. दोनशे माणसं. सून तेव्हा घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ती मागच्या रांगेतून उठली आणि म्हणाली, "आई, हे वाक्य काढलं तर..." सगळा हॉल हसला. मी म्हटलं, "इथे कोणी कोणाची आई नाही. पुढचा मुद्दा." आणखी हसले. ती खाली बसली.

दोनशे लोकांसमोर सासूची चूक काढायला उठली. ती काय म्हणत होती ते मला आठवत नाही. हसणं आठवतं.

८ मार्च

समितीच्या अध्यक्षांनी कागद पाठवले. ह्या गृहस्थांना आम्ही मागून स्वल्पविराम म्हणतो, कारण त्यांचं वाक्य कधी संपत नाही. बरोबरच्या चिठ्ठीत, मी आजारी असताना, त्रास देणं बरं नव्हे, पण प्रश्न तातडीचा आहे, आणि वीस तारखेला सभा आहे, वगैरे.

प्रश्न क्रमांक ११४७. आमच्याकडे विचारणाऱ्याचं नाव बंद लिफाफ्यात अध्यक्षांकडे राहतं. मला फक्त प्रश्न मिळतो. हा नियम मीच केला.

प्रश्न असा. दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या ठेवायची एक थंडपेटी. तिच्यातला प्रोग्रॅम पिशव्यांच्या नोंदींची यादी वाचतो. यादी वाचायचा कॉल दर वेळी एक नाव देतो, आणि नावं संपली की रिकामं उत्तर देतो. पण वाचताना काही बिघडलं, तरीही रिकामंच उत्तर देतो. दोन्हींतला फरक एरर नंबरावरून करायचा: आधी तो शून्य करून ठेवायचा आणि रिकामं उत्तर आलं की पाहायचा. शून्यच असेल तर यादी संपली. दुसरं काही असेल तर बिघाड. सगळे असंच करत आले आहेत.

आता नव्या सिस्टिमवर यादी धडधाकट संपली, तरी एरर नंबर शून्य राहिलेला नव्हता. पेटीला वाटलं, नोंदी वाचता आल्या नाहीत. तिने स्वतःला कुलूप लावून घेतलं आणि ओरडत बसली. आत रक्त, बाहेर परिचारिका, सात मिनिटं. पेशंट वाचला. पण अशा एकशे चाळीस पेट्या दवाखान्यांत आहेत. पेटीवाले म्हणतात दोष सिस्टिमचा, सिस्टिमवाले म्हणतात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा.

अर्ध्या तासात मसुदा झाला. मानकात स्पष्ट आहे: कॉल यशस्वी झाल्यावर एरर नंबरात काय उरलं आहे याला काही अर्थ नाही, तो पाहू नये. माझं सगळ्यात आवडतं वाक्य. नवशिके हमखास इथे फसतात. मागच्या कुठल्यातरी अपयशाचा आकडा तिथे तसाच पडून असतो, आणि ही मंडळी तो वाचून आत्ताच्या चांगल्या कॉलला दोष देतात. यादी संपणं हे यशच आहे. तेव्हा सिस्टिम निर्दोष, प्रोग्रॅम चूक.

सुनेने आज न विचारता माझ्या टेबलावरचे कागद रचून ठेवले. सभेत उठली होती ना, तोच स्वभाव.

९ मार्च

सूप अळणी होतं. मी दोनदा वाजवलं. सून म्हणाली, "डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, आई. पण तुमचा चेहरा बघून मला घालावंसं वाटतंय." आणि चिमूटभर घातलं. मग माझ्यासमोर स्वतःच्या वाटीत घातलंच नाही. उगाच.

११ मार्च

ह्यांना मसुदा वाचायला दिला. ह्यांना त्यातलं काही कळत नाही, पण कुठे वाक्य खडखडतं ते कळतं. आयुष्यभर जमिनी मोजल्यात, सरळ रेघ ओळखतात. रोज वाचून झाल्यावर निदान दहा मिनिटं बोलतात. आज थंडपेटीपर्यंत आले आणि गप्प झाले.

मी पाटीवर लिहिलं: "काय झालं?"

"काही नाही. छान आहे." मग चष्मा पुसला. "अगं, पाठवायच्या आधी एकदा सुनेला दाखव की."

"तिचा काय संबंध?"

"तिचा काय असणार? काही नाही." आणि वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. उलटं.

सून कसल्याशा यंत्रांच्या कारखान्यात प्रोग्रॅम लिहिते. कसली यंत्रं ते मी कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

१३ मार्च

सून फोन घेऊन गॅलरीत जाते आणि दार लोटून घेते. दिवसातून तीनदा तरी. आज दार नीट लागलं नव्हतं. "वीस तारखेपर्यंत थांबा, साहेब. उत्तर विरुद्ध गेलं तर मीच राजीनामा देते, तुम्हाला काढावं लागणार नाही." मग आत आली, डोळे धुऊन, आणि म्हणाली, "आई, औषधाची वेळ झाली."

नोकरीत काहीतरी बिनसलेलं दिसतं. असल्या गोष्टी घरच्यांना सांगायला काय होतं? पण मी कोण विचारणारी. आणि विचारू कशाने, चमच्याने?

१४ मार्च

दुपारी प्रकार झाला. मी पलंगावर जुने कागद चाळत होते. सून कपडे धुवत होती. तिकडून ओरडली, "आई, काही हवंय का?"

मला काही नको होतं. आणि चमचा पलंगाखाली गेला होता. वाकायचा कंटाळा केला.

"आई?"

गप्प बसले. न वाजणे म्हणजे न वाजणे.

धडधड पावलं आली. ती दारात उभी, कोपरापर्यंत साबण, एका पायात चप्पल. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मी बसलेली दिसल्यावर तिथेच भिंतीला टेकली.

"न वाजल्यावर मी काय समजायचं, आई? काही नकोय, की पडलात? दोन्हीला सारखीच शांतता! बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं?"

मी पाटीवर लिहिलं: "चमचा पडला होता. ओरडू नकोस."

तिने पलंगाखालून चमचा काढला, धुतला, पुसला, परत जागेवर ठेवला. त्यातलं काहीही आपटलं नाही. ते आपटण्यापेक्षा वाईट होतं.

१५ मार्च

सकाळी चहा घेताना माझा पेला हातातच राहिला. दोन्हीला सारखीच शांतता. हा प्रश्न ११४७ आहे.

मी "यादी संपणं हे यश, आणि यशानंतर नंबर पाहू नये" असं ठोकून दिलं. पण यश आहे हे आधी कळायला तर हवं! या एका कॉलला ते कळवायला नंबराशिवाय दुसरं काही नाही. माझ्या उत्तराप्रमाणे वागणारा प्रोग्रॅम जगात कोणी लिहूच शकत नाही. मी सुद्धा नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मी सांगितलं, आत डोकावू नकोस, आणि मग विचारलं, तुला कळलं कसं नाही?

असं भोक मानकात राहिलंच कसं? जुनी आवृत्ती काढली. वरच्या फडताळात होती. सुनेने खुर्ची धरली, काही विचारलं नाही. त्या कॉलच्या पानावर, तिसऱ्या परिच्छेदात, छापलेलं वाक्य: "यादी संपल्यास रिकामे उत्तर द्यावे आणि एरर नंबर बदलू नये."

त्याच्यावर लाल पेन्सिलीची रेघ. पट्टीने मारलेली. समासात माझ्या अक्षरात: पुनरुक्ती.

एकशे अकरापैकी एक.

१६ मार्च

दिवसभर कोणाशी वाजवलं नाही. म्हणजे, हो-नाही एवढंच.

मग चार वर्षांपूर्वीच्या सभेचं इतिवृत्त काढलं. इतिवृत्त मीच लिहिलेलं. मुद्दा सत्तावीस, नेमकं हेच पान, हेच वाक्य. पुढे लिहिलंय: "श्रोत्यांतून एक सूचना आली. विचाराची गरज नाही." त्या सभेत श्रोत्यांतून एकच माणूस उठलं होतं.

मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

१७ मार्च

पहिला मसुदा फाडला. दुसऱ्यात "मानक अस्पष्ट आहे" असं लिहिलं होतं. तोही फाडला, कारण ते खोटं होतं. मानक अस्पष्ट नाही. आम्हाला तीन प्रकारची उत्तरं देता येतात: मानक स्पष्ट आहे, मानक अस्पष्ट आहे, मानक स्पष्ट आहे पण चुकीचं आहे. तिसरं उत्तर मी बत्तीस वर्षांत दोनदा दिलं, दोन्ही वेळा दुसऱ्यांच्या वाक्यांवर.

आता लिहिलं: मानक स्पष्ट आहे पण चुकीचं आहे. जुन्या आवृत्तीतलं वाक्य परत घालावं. तोवर जुन्या वाक्याप्रमाणे लिहिलेल्या प्रोग्रॅमला दोष देऊ नये, कारण दुसरा मार्ग मानकाने ठेवलेला नाही. वाक्य माझ्या हातून काढलं गेलं. सभेत हरकत आली होती, ती मी ऐकली नाही.

शेवटची दोन वाक्यं लिहायला सगळी दुपार गेली. सुनेने दोनदा चहा आणला. दुसऱ्यांदा मी एकदा वाजवलं, तर म्हणाली, "मी काही विचारलंच नाही, आई." मी परत एकदा वाजवलं.

२० मार्च

सभेला पाटी घेऊन गेले. स्वल्पविरामांनी माझा मसुदा वाचून दाखवला. वाचून झाल्यावर कोणी हसलं नाही. मला थोडं हसले असते तर चाललं असतं. सगळ्यांनी हात वर केले. मी बोलत नसल्यामुळे सभा वेळेवर संपली; तसं दोघांनी मला सांगितलंसुद्धा.

मग अध्यक्षांनी उत्तर पाठवण्यासाठी लिफाफा फोडला. नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं, आणि पहिल्यांदाच एका शब्दाचं वाक्य बोलले. "बाई."

कारखान्याचं नाव होतं, आणि खाली, पेटीचा प्रोग्रॅम लिहिणारी म्हणून, माझ्या सुनेचं.

मी उभी राहिले आणि पाटीवर लिहिलं: "हिचे माझे नाते आहे. मला माहीत नव्हते. माझे मत बाद करा. दुसऱ्या दोघांकडून पुन्हा तपासून घ्या." नियम तसा आहे. तोही मीच केलेला. आज पहिल्यांदा बोचला.

संध्याकाळी घरी आले. सून दिवाणखान्यात फुलझाडांच्या कुंड्यांना पाणी घालत होती. मी पाटी तिच्यासमोर धरली: "११४७ तुझा?"

तिने झारी खाली ठेवली. "हो."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कागदच परत पाठवले असते. मग उत्तर स्वल्पविराम काकांनी दिलं असतं." तिने हात पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले. "मला उत्तर तुमच्याकडून हवं होतं, आई. तुम्ही वाक्य खरंच वाचता. विरुद्ध गेलं असतं तरी चाललं असतं. नोकरी गेली असती, पण निदान कळलं असतं की मी चूक होते."

"हे लपवणं चूक."

"हो. ही माझी चूक." मग विचारलं, "आता काय?"

"पुन्हा तपासणार. मी नाही."

"आणि उलटं झालं तर?"

मी काही लिहिलं नाही. ती पाहत राहिली. मला एकदम आठवलं आणि मी लिहिलं: "माहीत नाही." रिकामं उत्तर तिला आता पुरे झालं.

हे आतून म्हणाले, "मी वर्तमानपत्र बाजूला केलं तर चालेल का?" सगळं माहीत होतं ह्यांना. चारदा वाजवलं.

२३ मार्च

दुसऱ्या दोघांचं अजून काही कळत नाही. सून कारखान्यात गेली नाही; तिच्या साहेबांनी उत्तर येईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. दुपारी मी तिला पाटीवर विचारलं, पेटीत पिशव्या किती मावतात? ती पहिल्यांदा बावरली. मग दीड तास सांगत होती. दाराचं रबर, तापमानाचा काटा, परिचारिकेचा हात भरलेला असतो म्हणून कोपराने दाबायचं बटण. ते बटण तिने सुचवलंय. चार वर्षं हे सगळं सणावारी शेजारच्या ताटावर बसून जेवत होतं.

२५ मार्च

सकाळी अध्यक्षांचा निरोप: दोघांनी वेगवेगळं तपासलं, वेगवेगळ्या शब्दांत तेच उत्तर दिलं. निर्णय कायम. वाक्य परत येणार. सुनेच्या साहेबांनी तिला उद्यापासून बोलावलंय आणि सिस्टिमवाले दुरुस्ती पाठवताहेत.

दुपारी डॉक्टरांकडे. घसा पाहिला आणि म्हणाल्या, आज फक्त दोन शब्द, उद्या चार. मी तिथे एकही खर्चला नाही. "काहीतरी म्हणून दाखवा," तर मान हलवली. हे म्हणाले, "डॉक्टर, तिची आता सवयच मोडली वाटतं," आणि आनंद लपवायचा फारसा प्रयत्न केला नाही.

घरी सून बॅग भरत होती. मी चार वर्षांपूर्वीचं इतिवृत्त तिच्यासमोर ठेवलं, मुद्दा सत्तावीसवर बोट ठेवलं. तिने वाचलं. "एक सूचना," ती म्हणाली. "मी होय ती?"

मी म्हटलं, "पुढे बोल."

आवाज दाराच्या बिजागरीसारखा आला. ती समजली. सरळ उभी राहिली, सभेत राहिली होती तशी, फक्त हातात घडी घातलेला टॉवेल होता.

"आई, हे वाक्य काढलं तर यादी संपली, की वाचता आली नाही, हे बाहेरच्या कोणालाच कळणार नाही."

माझे दोन शब्द संपले होते. एकदा वाजवलं.

आज सुपूर्द केलेले:

अध्यक्षांकडे: प्रश्न ११४७ ची सगळी फाईल. मसुदे तीन, पैकी दोन फाटलेले, चिकटवून. काढलेल्या उरलेल्या एकशे दहा वाक्यांची यादी, ती माझ्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी तपासावी या विनंतीसह. इतिवृत्तातल्या मुद्दा सत्तावीसची दुरुस्ती: "एक सूचना" खोडून तिथे सुनेचं पूर्ण नाव आणि तिचं पूर्ण वाक्य.

सुनेकडे: जुनी आवृत्ती, लाल रेघेसकट. चमचा एक. त्याला बांधलेली चिठ्ठी, माझ्या अक्षरात: न वाजल्यास काहीही गृहीत धरू नये, फोन करावा.